खुरे छाटण्याचा तीन नगांचा संच: कात्री घ्यावी, पण तिच्याकडून पैदाशीचे काम मागू नये

बंदिस्त शेळीपालनाच्या साहित्यात चाऱ्याच्या गव्हाणी, पाण्याचे निपल आणि कानातले बिल्ले यांच्या जोडीला आता खुरे छाटण्याचा संचही सर्रास विकला जातो. दातेरी पात्यांची कात्री, टोकाला आकड्यासारखा वळलेला चाकू आणि लाकडी मुठीची कानस असे तीन नग, सोबत एक छापील पत्रक आणि रेक्झिनची पिशवी, अशी त्याची साधारण रचना असते. आम्ही घेतलेल्या संचावर उत्पादकाचे नाव कोठेही नाही. तोच माल वेगवेगळ्या विक्रेत्यांकडे वेगवेगळ्या नावांनी मिळतो, त्यामुळे हा अभिप्राय एखाद्या छापाविषयी नसून या प्रकारच्या संचाविषयी आहे असे समजावे. किंमत हजार रुपयांच्या आतबाहेर पडते. सांगोला तालुक्यातील आमच्या गोठ्यात उस्मानाबादी शेळ्या आणि थोडी बोअर (दक्षिण आफ्रिकेतील मोठ्या वजनाची जात) संकरित जनावरे आहेत, आणि तिन्ही ऋतूंत संच वापरल्यानंतर बनलेले मत असे आहे की कात्री पैशाची पुरेपूर परतफेड करते, चाकू कामापुरता आहे, कानस नसती तरी अडले नसते, आणि पत्रकातील निम्मा सल्ला बाजूला ठेवण्याच्या लायकीचा आहे. पत्रकाविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण नुकसान झाले तर ते अवजारापेक्षा त्या सल्ल्यामुळेच होण्याचा संभव अधिक आहे.

मुरमाड माळावर दिवसभर हिंडणाऱ्या शेळीला अशा कात्रीची गरज सहसा पडत नाही, कारण तिचे खूर जितके वाढते तितके दगडगोट्यांवर झिजत जाते. शेडमध्ये मऊ मातीवर किंवा लाकडी फळ्यांवर उभ्या राहणाऱ्या जनावराची वाढ तशीच चालू राहते, झीज मात्र थांबते. शेळीचे खूर म्हणजे दोन स्वतंत्र नख्या. प्रत्येक नखीला बाहेरून कठीण भिंत, खाली तुलनेने मऊ तळवा आणि मागच्या बाजूला टाचेची गादी असते, आणि आत शेवटचे हाड बसलेले असते. वाढते ती मुख्यतः भिंत. वाढलेली भिंत तळव्याखाली दुमडते, त्या घडीत शेण, मूत आणि माती अडकून राहते, आणि हवा न मिळालेल्या त्या जागेत जिवाणूंना आयतेच घर मिळते. पुढे टोक लांबले की शेळी वजन टाचेवर टाकू लागते आणि खुरावरचा सांधा मागे झुकतो. दुखणे वाढल्यावर ती पुढचे गुडघे टेकून गव्हाणीतले खाऊ लागते. या अवस्थेपर्यंत आलेली शेळी चाऱ्यापर्यंत कमी वेळा जाते, दूध कमी देते आणि माजावर आली तरी अंगावर बोकडाचे वजन घेण्यास तयार नसते.

आता कात्रीविषयी. तिची दोन्ही पाती सरळ आणि निमुळती असून आतल्या कडेला बारीक दाते आहेत. या दात्यांचे महत्त्व पहिल्याच छाटणीत कळते. शेळीची नखी गुळगुळीत असते, बहुधा ओलीही असते, आणि गुळगुळीत पात्याखालून ती निसटते. दातेरी पाते आधी पकड घेते आणि मग कापते. सांगोल्याच्या पट्ट्यात डाळिंबाच्या छाटणीची कात्री घरोघरी असते, आणि ती असताना वेगळी कशासाठी घ्यावी, हा प्रश्न आम्हाला अनेकांनी विचारला. डाळिंबाच्या कात्रीचे एक पाते जाड, आखूड आणि वळलेले असते, कारण तिला गोल फांदी तोडायची असते. खुराच्या घडीखाली ते जाड पाते शिरतच नाही, जोर करून शिरवले तर तळव्याला टोचते. उलट बोकडाच्या वाळून लाकूड झालेल्या नखीचे लांब टोक उडवायचे असेल तेव्हा डाळिंबाची कात्रीच सरस ठरते, कारण या संचातील कात्रीची पाती अशा जाड भागावर बाजूला सरकतात. म्हणजे दोन्ही कात्र्या हाताशी असाव्यात, पण एकच घ्यायची असेल आणि जनावरे पंधरा-वीसच्या पुढे असतील, तर दातेरी घ्यावी.

पात्यांची टोके अधिक बोथट असती तर बरे झाले असते. शेळीने पाय झटकला की टोक तळव्यात किंवा माणसाच्या तळहातात रुतण्याचा धोका राहतो, म्हणून डाव्या हातात जाड चामडी मोजा घातल्याशिवाय काम करू नये. मुठी रबरी आहेत आणि घामाने निसटत नाहीत. मात्र त्यांच्यातील अंतर मोठ्या पंजाला धरून ठेवलेले दिसते. गोठ्यातले काम बहुतेक घरांत बायका करतात, आणि लहान पंजाच्या हाताला ही कात्री पूर्ण उघडलेली असताना एका हाताने आवळता येत नाही. स्प्रिंगमुळे कात्री आपोआप उघडते, त्यामुळे एकामागून एक जनावरे घेताना बोटांना थकवा कमी येतो. पण ती स्प्रिंग नुसती खोबणीत अडकवलेली आहे आणि थोडा तिरका दाब पडला की उडते. मुठी मिटवून ठेवणारी कडी घट्ट आहे, ही जमेची बाजू, कारण उघडी राहिलेली कात्री गोठ्यात पडणे धोक्याचे असते.

कापण्याचा अनुभव ऋतूप्रमाणे फार बदलतो. एप्रिल-मे महिन्यांत खूर इतके कोरडे आणि कडक होते की कात्रीतून कटकट आवाज येतो आणि काप सरळ न येता तुकडे उडतात. पाऊस झाल्यावर तेच खूर चिवट पण मऊ होते आणि ओल्या चामड्यासारखे कापले जाते. त्यामुळे पहिला पाऊस पडून गेल्यावरची छाटणी सर्वांत सोपी जाते. उन्हाळ्यात करायचीच झाली तर आदल्या रात्री ओले गोणपाट अंथरलेल्या जागेत जनावरे ठेवावीत, किंवा पाय धुऊन काही वेळ थांबावे. कात्रीच्या धारेला दोष देण्यापूर्वी हा फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. कारण अशा संचांविषयी बोथटपणाच्या ज्या तक्रारी कानावर येतात, त्यातील काही तरी उन्हाळ्यातल्या दुपारच्या असाव्यात असे वाटते.

छाटणीचा क्रम पत्रकात दिला आहे आणि तो बरोबर आहे. प्रथम चाकूच्या पाठीने किंवा आकड्याने नख्यांमधली व घडीतली घाण काढावी, मग दुमडलेली भिंत उलगडून तळव्याच्या पातळीला कापावी, त्यानंतर टोक आखूड करावे आणि शेवटी टाच उंच राहिली असेल तर ती थोडी साळावी. किती कापावे याचे माप खुरावरच असते. केसांच्या रेषेखाली नखीवर वाढीच्या आडव्या वळ्या दिसतात, आणि छाटून झाल्यावर तळव्याची पातळी त्या वळ्यांना समांतर आली पाहिजे. करडू जन्मल्यानंतर त्याचे खूर एकदा उलटून पाहून ठेवावे. चौकोनी, बसके आणि दोन्ही नख्या सारख्या उंचीच्या, असा तो आकार मोठ्या जनावरातही तसाच यायला हवा. पांढऱ्या तळव्यात गुलाबी छटा दिसू लागली की तेथेच थांबावे. फार वाढलेले खूर एकाच दिवशी मुळापर्यंत आणण्याचा हट्ट धरू नये, कारण वाढत्या भिंतीबरोबर आतील जिवंत भागही पुढे सरकलेला असतो. थोडे कापून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा थोडे कापले की तो हळूहळू मागे हटतो.

शेळीला मेंढीसारखी पाठीवर उलटी करून खुरे छाटण्याचे चित्र पत्रकात आहे, ते मात्र पाहून सोडून द्यावे. शेळी उलटी केल्यावर मेंढीसारखी शांत राहत नाही, आणि गाभण शेळीला असे उलटवणे धोक्याचे आहे. गव्हाणीत मूठभर भरडा टाकावा, मान अडकवावी आणि पाय सांध्यात मागे वळवून, घोड्याला नाल मारताना धरतात तसा धरावा. मागच्या पायांपासून सुरुवात केली तर जनावर लवकर सरावते. विण्यापूर्वीच्या शेवटच्या महिन्यात छाटणी टाळावी. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा असल्याने, बोकड लावल्याची तारीख लिहून ठेवणाऱ्याला हे नियोजन जड जात नाही.

संचातील चाकू मध्यम प्रतीचा आहे. आकडा घाण काढण्यासाठी उत्तम, धार मात्र लवकर जाते आणि आकड्याच्या आतल्या बाजूला साध्या दगडाने लावता येत नाही. गावच्या लोहाराने पट्टीच्या पोलादापासून बनवून दिलेला वाकडा चाकू याहून टिकाऊ निघतो. कानसेविषयी लिहावे असे फार काही नाही. तिचे दाते लाकडाच्या कानसेइतके मोठे आहेत, ओल्या खुराचा भुगा त्यांत गच्च बसतो, आणि तळवा सपाट करण्याचे जे काम तिने करायला हवे ते सुताराचा लहान रंधा अधिक स्वच्छ करतो. कोरड्या खुरावर ती थोडीफार चालते.

कात्री स्वच्छ ठेवण्याविषयी पत्रक गप्प आहे, आणि ही त्यातील मोठी उणीव आहे. डाळिंबाच्या बागेत तेल्या रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवण्याची शिस्त या भागातील शेतकऱ्याने अंगी बाणवली आहे. तीच शिस्त गोठ्यातही हवी, कारण खूरकुजीचे जिवाणू कात्रीच्या दात्यांत राहिलेल्या घाणीतून सहज पुढे जातात. हायपोक्लोराइटने पोलाद मात्र लवकर गंजते. म्हणून दोन जनावरांच्या मध्ये दाते ब्रशने घासून स्पिरिटने पुसावेत, आणि लंगडणारी जनावरे सर्वांत शेवटी घ्यावीत. कापलेले तुकडे गोठ्यात पडू न देता गोळा करून जाळावेत. काम संपल्यावर कात्री कोरडी करून पाती जोडणाऱ्या खिळ्यावर तेलाचा थेंब सोडला तर पावसाळाही निभावतो. आमच्या कात्रीच्या खिळ्याभोवती गंजाची कडा आली आहे, पाती मात्र अद्याप स्वच्छ आहेत.

जास्त कापले जाऊन रक्त आले तर तुरटीची पूड दाबून धरावी, रक्त थांबल्यावर आयोडीन लावावे आणि जनावर त्या दिवशी कोरड्या जागेत ठेवावे. एवढ्यावर ते सहसा निभावते. खूरकुजीची गोष्ट वेगळी आहे. डायकेलोबॅक्टर नोडोसस आणि फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम या दोन जिवाणूंच्या संगनमताने हा रोग होतो. नख्यांमधली कातडी लाल होते, मग तळवा भिंतीपासून सुटू लागतो आणि कुजकट, लक्षात राहील अशी दुर्गंधी येते. पत्रक अशा वेळी सुटलेला सगळा भाग कापून काढण्यास सांगते. पूर्वी सर्वत्र हीच पद्धत होती. परंतु इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठातील संशोधकांनी मेंढ्यांवर केलेल्या कामात असे दिसून आले की रोगट खूर छाटल्याने बरे होणे लांबते, आणि न छाटता प्रतिजैविक दिलेली जनावरे लवकर सुधारतात. त्यामुळे अशा पायाला कात्री न लावता पशुवैद्यकाला बोलावणे हेच श्रेयस्कर. उरलेल्या कळपासाठी दहा लिटर पाण्यात एक किलो झिंक सल्फेट या प्रमाणात पायबुडीचे द्रावण करता येते. कृषी सेवा केंद्रात ते खत म्हणून मिळतेच. पाय आधी धुऊन जनावरे त्यात काही मिनिटे उभी करावीत आणि नंतर निदान तासभर कोरड्या जागेत ठेवावीत. मोरचूदही (कॉपर सल्फेट) वापरतात, पण जनावरांनी ते द्रावण पिऊ नये याची काळजी घ्यावी लागते, आणि शेळ्यांबरोबर मेंढ्या असतील तर ते टाळावेच, कारण तांब्याची विषबाधा मेंढीला फार लवकर होते. लंगडण्याबरोबर तोंडात फोड आणि लाळ दिसली तर ती लाळ्या खुरकूत समजावी. हा विषाणूजन्य रोग आहे, तेथे कात्रीचे काहीच काम नाही, आणि त्या गोठ्यात वापरलेली कात्री दुसऱ्या गोठ्यात नेणे हा तर गुन्हाच म्हणावा लागेल.

पत्रकातील दुसरा आक्षेपार्ह सल्ला वेळापत्रकाचा. सर्व जनावरांची खुरे ठरावीक सहा आठवड्यांनी कापावीत असे त्यात म्हटले आहे. प्रत्यक्षात जमीन, ऋतू, आहार आणि जनावर यांनुसार हा काळ बदलतो. गोठ्याच्या मोकळ्या भागात खडबडीत दगडांचा किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांचा एक ओटा केला, तर शेळ्या आपल्या स्वभावाने त्यावर चढउतार करतात आणि निम्मे काम तेथेच होते. आमच्याकडे ओटा झाल्यापासून उस्मानाबादी शेळ्यांपैकी बऱ्याच जणींचे खूर पाहून नुसते सोडून द्यावे लागते. तारीख आली म्हणून कापणे ही जनावर आणि मालक दोघांनाही शिक्षा आहे. महिन्यातून एकदा प्रत्येक पाय उचलून पाहावा, आणि कापायचे की नाही ते खूर पाहून ठरवावे.

आणि आता तो दावा, ज्याच्यासाठी मुख्यतः हा अभिप्राय लिहावासा वाटला. पत्रकाच्या मागच्या बाजूला, नियमित छाटणीने वाकडे पाय सरळ होतात आणि जनावराची ठेवण सुधारते, असे ठळक अक्षरांत छापले आहे. यात अर्धे सत्य आहे. वाढलेल्या खुरामुळे जे पाऊल वाकडे पडत होते ते छाटणीनंतर सरळ पडू लागते, आणि लहान करडाच्या दोन नख्या असमान झिजत असतील तर वेळीच समतोल राखल्याने पुढचा बिघाड टळतो. पण ज्याची हाडे आणि सांधेच मुळात तशा कोनात बसले आहेत, त्याला कात्रीने फार तर बरे उभे राहता येते. ते जनावर आपली ठेवण पुढच्या पिढीला देणारच.

हा फरक ओळखण्याची रीत सोपी आहे, आणि तेथे हा संच खरोखर उपयोगी पडतो. खुरे नीट छाटून आठवडाभर जनावर चालू-फिरू द्यावे आणि मग त्याला सपाट कोब्यावर उभे करून चारही बाजूंनी पाहावे. समोरून पाहताना पुढचे पाय छातीपासून सरळ खाली आलेले असावेत, गुडघे एकमेकांना घासत नसावेत आणि खुरांची टोके समोर असावीत. मागून पाहताना मागच्या पायांचे मधले सांधे आत वळून एकमेकांजवळ आले असतील, तर ते जनावर खाली फेंगडे पाय टाकते आणि दोन्ही नख्या सारख्या झिजत नाहीत. बाजूने पाहताना शेपटीच्या बुडाजवळच्या हाडाच्या टोकापासून ओळंबा सोडला, तर तो मधल्या सांध्याच्या मागच्या कडेला लागून खाली यावा. पाय त्यापुढे फार गेला असेल तर मागचा भाग विळ्यासारखा वाकलेला असतो. अगदीच सोटासारखा सरळ असेल तर सांध्याला लवचीकपणा राहत नाही आणि अशा जनावराचा सांधा वयाबरोबर सुजतो. सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे खुरावरचा सांधा. तो आखूड, किंचित तिरका आणि टणक असावा. खूर छाटूनही तो खाली बसलेला राहिला आणि मागे लटकणाऱ्या दोन लहान नख्या जमिनीला टेकू लागल्या, तर दोष खुरात नाही. अशा शेळीच्या खुराचे टोक झिजतच नाही, कारण वजन टाचेवर पडते. म्हणूनच तिची खुरे इतरांच्या आधी वाढतात आणि मालक तिच्याकडे कात्री घेऊन पुन्हापुन्हा जात राहतो.

तेव्हा छाटणीची वही ठेवावी. कोणत्या बिल्ल्याच्या जनावराला किती वेळा कात्री लावावी लागली याची नोंद वर्षभर केली की, काही नावे वारंवार येत असल्याचे दिसते, आणि बहुतेक वेळा ती एकाच बोकडाची किंवा एकाच शेळीची संतती निघते. एकाच शेडमध्ये, एकाच चाऱ्यावर, एकाच फरशीवर वाढलेल्या जनावरांत हा फरक का पडतो, याचे उत्तर मग बाजारात शोधावे लागत नाही. बोकडावर अधिक कटाक्ष ठेवण्याचे कारण हिशेबाचे आहे. साधारणपणे पंचवीस-तीस शेळ्यांमागे एक बोकड ठेवतात, म्हणजे त्या हंगामातील प्रत्येक करडाचा निम्मा वाटा त्याचा. शिवाय शेळीवर उडताना त्याचे सगळे वजन मागच्या दोन पायांवर येते. मागचे पाय दुबळे असलेला बोकड वजनाने कितीही भरलेला असला तरी दोन हंगामांनंतर शेळीकडे नुसता पाहत उभा राहतो. आमच्या भागात बोकड निवडताना रंग, कान, शिंगे आणि वजन यांची चर्चा तासभर चालते, पाय उचलून खूर पाहणारा गिऱ्हाईक क्वचितच दिसतो. महूदला पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे आणि सांगोल्याचा जनावरांचा बाजार तर प्रसिद्धच आहे. कोठूनही बोकड घेतला तरी तो चालवून पाहावा, पाय उचलून पाहावा आणि शक्य असेल तेथे त्याच्या आईचे पाय पाहावेत. विक्रीच्या आदल्या दिवशी खुरे छाटलेली असतील तर ती चांगली दिसणारच, म्हणून खुरापेक्षा सांध्याकडे लक्ष द्यावे.

बोअर संकराच्या बाबतीत हे अधिकच लागू होते. उस्मानाबादी शेळी तीस-बत्तीस किलोंच्या आसपासची, मराठवाड्याच्या माळावर चालून चालून निवडली गेलेली. बोअरचा पूर्ण वाढलेला नर शंभर किलोंच्या पुढे जातो. दोघांच्या संकरात वजन वाढते, पण ते पेलणारे पाय कोणाकडून येतील हे निवडीवर अवलंबून असते. दोष बोअर जातीचा नाही. दक्षिण आफ्रिकेत बोअर पैदासकारांची संघटना १९५९ साली स्थापन झाली, आणि त्या जातीच्या मानकात घासणारे गुडघे, आत वळलेले सांधे, दुबळा खुरावरचा सांधा आणि आत किंवा बाहेर वळलेली खुरे हे स्पष्ट दोष मानले आहेत. अमेरिकेतील दुधाळ शेळ्यांच्या गुणपत्रिकेतही प्रौढ शेळीच्या शंभर गुणांपैकी ३५ कासेला आणि तितकेच सर्वसाधारण ठेवणीला असतात, आणि पाय त्या ठेवणीत मोडतात. आपल्याकडे संकरित बोकड विकताना नेमके हेच गाळले जाते आणि काट्यावरचा आकडा तेवढा सांगितला जातो.

त्या आकड्यासाठी बकरी ईदच्या आधी बोकडांना मका आणि भरडा वाढवून देण्याची पद्धत खुरांच्या मुळावर येते. धान्य एकदम वाढले की पोटात आम्ल वाढते, खुराच्या आतील पेशींना सूज येते, पाय गरम लागतात आणि जनावर काट्यांवर चालल्यासारखे पावले टाकते. यातून उठलेल्या बोकडाची नखी पुढे जाड, वळ्यावळ्यांची आणि वेडीवाकडी वाढत राहते, आणि तिला कात्री लावताना हाताला त्याचा निबरपणा जाणवतो. स्पष्टपणे लंगडणारे जनावर कुर्बानीला चालत नसल्याने, ज्या बाजारासाठी एवढा खुराक घातला त्याच बाजारात ते परत फिरवले जाते. असे खूर अनुवंशाने वाकडे नाही. तेव्हा वहीत त्याच्यापुढे कारण लिहून ठेवावे, नाहीतर चांगला बोकड उगाच बाद होईल.

निवडीचा नियम आम्ही साधा ठेवला आहे. छाटणीनंतरही खुरावरचा सांधा खाली बसणाऱ्या पाटी, म्हणजे तरुण माद्या, कळपात ठेवायच्या नाहीत, त्या मांसासाठी जातील. दूध आणि जुळ्यांच्या बाबतीत उत्तम असलेली पण मागून थोडी आत वळलेली शेळी ठेवायची, मात्र तिला मागे सरळ आणि टणक असलेलाच बोकड लावायचा. तिची पाट पैदाशीला धरण्यापूर्वी वर्षाची होईपर्यंत थांबायचे. बोकड वेळेवर बदलायचा, म्हणजे त्याच्या मुलींवर तो येणार नाही. याने एका पिढीत चमत्कार होत नाही, दोन-तीन वेतांनंतर वहीतल्या नोंदी विरळ होऊ लागतात.

संचाकडे परत येऊन खरेदीविषयी थोडे लिहितो. घरापुरत्या चार-पाच शेळ्या असतील आणि डाळिंबाची किंवा द्राक्षाची कात्री आधीच असेल, तर संच घेण्याची घाई नको. एक चांगला लोहारी चाकू आणि दगडी ओटा यांवर भागते. यापेक्षा अधिक बंदिस्त जनावरे असणाऱ्याने फक्त दातेरी कात्री सुटी मिळत असेल तर तीच घ्यावी, चाकू-कानसेचे पैसे वाचवून जाड मोजे आणि स्पिरिटची बाटली आणावी. घेताना पाती उजेडासमोर मिटवून पाहावीत. मध्ये फट दिसली तर ती कात्री कापणार नाही, चिमटा काढेल. घरातील ज्या व्यक्तीला काम करायचे आहे तिच्याच हातात देऊन ती पूर्ण उघडून-मिटवून पाहावी. शक्य असेल तर विक्रेत्याकडून एक-दोन जादा स्प्रिंग मागून घ्याव्यात, कारण बाजारात ती स्वतंत्रपणे मिळत नाही आणि छाटणीच्या वेळी उडालेली स्प्रिंग लेंड्यांच्या ढिगात शोधण्याचे काम कोणी आनंदाने करत नाही.